खाडीच्या पाण्याचे अहवाल: भरतीची वेळ नसलेला आकडा कोणाच्या कामाचा?

खारजमिनीत भात करणाऱ्या शेतकऱ्याला खाडीच्या पाण्याबाबत वर्षभरात मोजकेच, पण मोठे निर्णय घ्यावे लागतात. पहिल्या पावसानंतर शेतातले खारे पाणी कोणत्या ओहोटीला बाहेर काढायचे, उघाडीची दारे कधी बंद ठेवायची, रहू पद्धतीने पेरणी कधी करायची, जिताड्याच्या तळ्यात खाडीचे पाणी घ्यायचे की नाही, रब्बीत खाडीला मिळणाऱ्या ओढ्याचे पाणी वांगी-टोमॅटोला चालेल का. हे सगळे निर्णय काही तासांचे, फार तर एखाद्या आठवड्याचे असतात.

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या बैठकीत मात्र खाडीच्या पाण्याचा जो कागद समोर येतो, तो वर्षाचा असतो. नमुन्याचे ठिकाण, पीएच, विरघळलेला प्राणवायू, बीओडी, जिवाणूंची संख्या आणि शेवटच्या रकान्यात सरासरी. अशा एका बैठकीला मी शेतकऱ्यांबरोबर बसलो होतो. तक्त्यात पाणी ‘मध्यम ते चांगले’ होते आणि समोर बसलेल्या माणसांनी दोनच आठवड्यांपूर्वी मेलेले मासे टोपल्या भरून बाहेर काढले होते. खोटे कोणीच बोलत नव्हते. आकडा खरा होता आणि मेलेले मासेही. बैठक मात्र कोणताही निर्णय न होता संपली, कारण अधिकाऱ्याने तरी त्या कागदावरून काय ठरवायचे?

प्रदूषण मोजण्यावर आपल्याकडे बरेच बोलले जाते. मोजलेले आकडे कसे मांडायचे यावर जवळजवळ काहीच बोलले जात नाही. नदीच्या बाबतीत ते एक वेळ चालते. खाडीच्या बाबतीत चालत नाही, कारण खाडीचे पाणी दिवसातून दोनदा बदलते.

तिथीची पाऊणपट

कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ काढायला कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की साधारण त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास. खाडीत जसजसे आत जावे तसतशी ती उशिरा पोचते, पण ढोबळ हिशेब बरोबर येतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते.

आता नमुना घेणाऱ्या पथकाचा दिवस पाहा. कार्यालयातून सकाळी निघून पथक खाडीवर पोचते अकरा ते एकच्या दरम्यान. दिवस उधाणाचा असेल तर ती वेळ नेमकी भरतीची. समुद्राचे स्वच्छ पाणी आत आलेले असते, वरून येणारे सांडपाणी त्यात विरळ झालेले असते. बीओडी कमी दिसतो, प्राणवायू चांगला दिसतो. त्याच दिवशी सकाळी सहाच्या सुमारास सुकती होती, खाडीत पाणी कमी होते आणि वरच्या गावांचे, कारखान्यांचे सांडपाणी पात्रातून दाट होऊन वाहत होते. त्या वेळी नमुना घ्यायला कोणी नव्हते.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. पाण्यातला प्राणवायू दुपारी जास्त आणि पहाटे सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर शेवाळ आणि जीवजंतू तो वापरतात आणि उन्हाअभावी नवा तयार होत नाही. म्हणजे उधाणाच्या दिवसांत पहाटेची वेळ दुहेरी वाईट: पाणी कमी आणि प्राणवायूही कमी. मासे मेलेले दिसतात ते बहुधा सकाळी, ते उगाच नाही.

दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला नमुना घेतला तर हे आपोआप सुधारेल असेही नाही. उधाण आणि भांग यांचे चक्र सुमारे पावणेपंधरा दिवसांचे आहे. इंग्रजी महिन्यात अशी जवळजवळ दोन चक्रे बसतात, त्यामुळे ठरलेली तारीख लागोपाठ तीन-चार महिने उधाणाच्या आसपासच पडू शकते. बारा नमुने घेतले म्हणजे बारा वेगळ्या परिस्थिती पाहिल्या, हा समज खाडीत फसवा ठरतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत. उघाडीसमोर पहाटेच्या सुकतीला प्राणवायू लिटरला 2.4 मिलिग्रॅम आणि दुपारच्या भरतीला 5.8 मिलिग्रॅम. सरासरी 4.1. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत व्यावसायिक मासेमारी आणि स्नानासाठीच्या किनारी पाण्याचा वर्ग एसडब्ल्यू-2 आहे. त्यात प्राणवायू किमान 4 मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या 50 टक्के, यातला जो जास्त असेल तो हवा. आपली सरासरी पास झाली. त्या पहाटे तळ्यात पाणी घेतलेल्या शेतकऱ्याचे मासे मात्र नापास.

निर्देशांकात मीठच नाही

खाडीचे पाणी एका आकड्यात सांगण्यासाठी जलगुणवत्ता निर्देशांक वापरतात. राज्यात रूढ असलेल्या पद्धतीत तो चार गोष्टींवर काढला जातो: विरघळलेला प्राणवायू, विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू, पीएच आणि बीओडी. गावातल्या सांडपाण्याने नदी किती बिघडली हे कळण्यासाठी हा निर्देशांक उपयोगी आहे. हिरव्या-पिवळ्या-लाल रंगात दाखवता येतो, म्हणून बैठकीतही लोकप्रिय आहे. पण या चारांत क्षारता नाही. निर्देशांक हिरवा असलेले पाणी भातखाचरात शिरले तर खाचर पुढची दोन-तीन वर्षे नापीक राहू शकते. निर्देशांकाचा यात दोष नाही, तो त्या कामासाठी बनवलेलाच नाही. पण बैठकीत तो एकटाच ठेवला की पाहणाऱ्याला ‘पाणी चांगले आहे’ एवढेच कळते, कशासाठी चांगले ते कळत नाही.

सिंचनासाठी केंद्रीय मंडळाचा वेगळा वर्ग आहे, ‘ई’. त्यात विद्युतवाहकतेची कमाल मर्यादा 2,250 मायक्रोम्हो प्रति सेंटिमीटर, म्हणजे 2.25 डेसीसायमन प्रति मीटर आहे. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता 50 डेसीसायमनच्या आसपास असते. भाताबाबतचा सर्वसाधारण हिशेब असा, की मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता 3 डेसीसायमनच्या पुढे गेली की उत्पादन घटू लागते आणि पुढच्या दर एका डेसीसायमनमागे सुमारे 12 टक्के घट येते. पनवेल 1, 2, 3 यांसारखे क्षारसहनशील वाण यापेक्षा जास्त टिकतात. तरीही रोपावस्था आणि फुलोरा या दोन वेळा कोणत्याही भातासाठी नाजूकच. उगवण आणि फुटवे येण्याच्या काळात तोच भात बरेच सोसतो. म्हणजे क्षारतेचा आकडासुद्धा पिकाच्या अवस्थेसमोर ठेवल्याशिवाय अर्थपूर्ण होत नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यातले 6 आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातले 6 हे शेतकऱ्यासाठी सारखे नाहीत.

गंमत म्हणजे हा आकडा मोजला जातो. राष्ट्रीय जलगुणवत्ता देखरेख कार्यक्रमाच्या वार्षिक तक्त्यांत विद्युतवाहकतेचा रकाना असतो, किमान आणि कमाल अशा दोन आकड्यांसह. खाडीवरच्या ठिकाणांचे हे दोन आकडे पाहून अनेकांना छपाईची चूक वाटते, इतके ते दूर असतात. चूक नसते. किमान आकडा पावसाळ्यातल्या नदीचा, कमाल मे महिन्यातल्या समुद्राचा. यांची सरासरी काढली तर जे पाणी मिळते ते त्या ठिकाणी वर्षातून फार थोडे दिवस असते.

गोव्यातील मांडवी आणि झुआरी या नद्यांवर दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अनेक वर्षे केलेल्या कामातून हे चित्र स्पष्ट झाले आहे. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी खाडीवर सत्ता गाजवते. पाऊस संपला की प्रवाह आटत जातो आणि मेपर्यंत भरती जवळजवळ निर्धास्त आत शिरते. भरती-ओहोटीचा परिणाम मांडवीत मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. गोव्यातील खाजन जमिनी, बांध आणि मानशी यांची व्यवस्था याच ऋतुचक्रावर उभी आहे. मानशीचे दार कोणत्या पाण्याला उघडायचे हे ठरवणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या तारीख, तिथी आणि पाण्याची चव एकत्र पाहत आला. आपल्या तक्त्यांत यांपैकी फक्त तारीख उरली आहे.

जिथे मांडणीवर काम झाले

मांडणी सुधारता येते का, याचे एक बरे उदाहरण परदेशातले आहे आणि त्यातही शेतीचा मोठा संबंध आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक ही प्रचंड खाडी आहे. सहा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टनचे पाणी तिच्यात येते आणि शेतातून वाहून येणारे नत्र व स्फुरद हे तिच्या बिघाडाचे एक मुख्य कारण आहे. मेरीलँड विद्यापीठाचे पर्यावरण विज्ञान केंद्र दरवर्षी या खाडीचे प्रगतिपुस्तक काढते. शाळेसारखी श्रेणी देतात. 2023 च्या परिस्थितीला ‘सी प्लस’ मिळाला, 2024 च्या परिस्थितीला ‘सी’. आमदारालाही कळते आणि शेतकऱ्यालाही. शिवाय पूर्ण खाडीला एकच श्रेणी देऊन ते थांबत नाहीत. खाडीचे भाग पाडून प्रत्येकाची श्रेणी वेगळी दाखवतात, त्यामुळे आपल्या भागाला काय मिळाले यावर चर्चा होते.

मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती त्यांच्या प्रमाणकांची भाषा. तिथे प्राणवायूची मर्यादा सर्वत्र एकच नाही. वरच्या मोकळ्या पाण्यात 30 दिवसांची सरासरी लिटरला 5 मिलिग्रॅम, खोल पाण्यात उन्हाळ्यात 30 दिवसांची सरासरी 3, आणि सर्वांत खोल चरात कोणत्याही क्षणी किमान 1. किती, कुठे, किती वेळ आणि कोणत्या ऋतूत, अशा चारही गोष्टी मर्यादेतच लिहिलेल्या आहेत. अशी मर्यादा असली की अहवालही तसाच लिहावा लागतो. सगळे आलबेल आहे असे नाही. 2010 मध्ये तिथे प्रदूषकांच्या वजनाची कमाल मर्यादा ठरली आणि 2025 पर्यंत सर्व उपाय पूर्ण करण्याचे उद्दिष्ट होते. ते पूर्ण गाठता आले नाही. चांगल्या मांडणीने खाडी आपोआप स्वच्छ होत नाही. पण कोणाचे काम राहिले, हे तरी झाकले जात नाही.

बैठकीसाठी एक पान

आपल्याकडे खर्चिक यंत्रणा येईपर्यंत थांबायची गरज नाही. कृषी सहायक, आत्माचे कार्यकर्ते, मच्छीमार सोसायटी आणि खारभूमीच्या बांधावरचे शेतकरी मिळून एक उपयोगी पान तयार करू शकतात.

पहिली गरज आहे प्रत्येक नोंदीसोबत वेळ आणि पाण्याची स्थिती लिहिण्याची: भरती चढते आहे, पूर्ण आहे, ओसरते आहे की सुकती आहे. तिथी लिहिली तर फारच उत्तम, कारण त्यावरून उधाण की भांग हे नंतर कोणालाही कळते. नमुना वरच्या पाण्याचा की तळाजवळचा हेही लिहावे. खारे पाणी जड असते, ते तळातून आत सरकते आणि वर गोडे पाणी तरंगत राहते. उघाडीची दारे खालून झिरपत असतील तर वरच्या पाण्याची चव घेऊन काहीच उमगणार नाही.

हातातले विद्युतवाहकता मीटर आता बऱ्याच शेतकरी गटांकडे आहेत. पण त्यांतील अनेकांची क्षमता 20 डेसीसायमनपर्यंतच असते. मे महिन्यात खाडीच्या पाण्यात बुडवले की पडद्यावर आकडाच येत नाही आणि लोक मीटर बिघडला म्हणून बाजूला ठेवतात. अशा वेळी एक भाग खाडीचे पाणी आणि चार भाग ऊर्ध्वपातित पाणी मिसळून मोजावे आणि येणाऱ्या आकड्याला पाचने गुणावे. उत्तर अंदाजे येते, थोडे जास्तच येते, पण 15 की 40 हे कळायला तेवढे पुरेसे असते. मीटर प्रमाणित द्रावणात तपासल्याची तारीख वहीत असावी. बैठकीत पहिला प्रश्न हाच येतो आणि उत्तर नसेल तर पुढचे कोणी ऐकत नाही.

सीओडीच्या आकड्याबाबत एक सावधगिरी. पाण्यात क्लोराइड लिटरला 2,000 मिलिग्रॅमच्या वर असेल तर नेहमीच्या पद्धतीने काढलेला सीओडी क्लोराइडमुळेच फुगतो. खाडीच्या पाण्यात ही पातळी सहज ओलांडली जाते. प्रयोगशाळेने त्यासाठी दुरुस्ती केली का, हे विचारल्याशिवाय तो आकडा घेऊन कारखान्यावर बोट दाखवू नये. एकदा असा आकडा खोडला गेला की सोबतचे खरे आकडेही संशयित होतात.

मग आलेख. तक्ता नको. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर क्षारता किंवा प्राणवायू. सुकतीच्या नोंदी एका रंगात, भरतीच्या दुसऱ्या रंगात. आणि मधून एक ठळक रेषा, ज्या वापराबद्दल बोलायचे आहे त्या वापराच्या मर्यादेची. मत्स्यतळ्यासाठी प्राणवायूची, ओढ्याच्या सिंचनासाठी 2.25 ची. सरासरी दाखवायचीच असेल तर भरतीची वेगळी आणि सुकतीची वेगळी. त्याखाली एक वाक्य: इतक्या नोंदींपैकी इतक्या मर्यादेच्या पलीकडे, आणि त्यांतल्या इतक्या पहाटे सुकतीला. जिथे नोंद नाही तिथे जागा रिकामी दिसू द्यावी. रेषा ओढून ती भरून काढू नये. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘शोधमर्यादेखाली’ असे लिहिले असेल तर ते शून्य म्हणून मांडू नये, तसेच लिहावे.

आणि पानाच्या शेवटी मागणी एकच असावी, ज्या कार्यालयाच्या हातात ती आहे त्या कार्यालयाकडे. इथे आपण नेहमी चुकतो. बांधाला खांड पडली, उघाडीचे दार कुजले तर तो विषय खारभूमी विकास विभागाचा, महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम 1979 खालचा. सांडपाणी आले तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. वाण आणि पेरणीची शिफारस कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राकडून. तिन्ही तक्रारी एकाच निवेदनात घालून जिल्हाधिकाऱ्यांना दिल्या की निवेदन तीन ठिकाणी ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ फिरते आणि कुठेच थांबत नाही.

शेतकऱ्यांच्या नोंदी कायद्यात पुरावा म्हणून कितपत टिकतील, हा प्रश्न हमखास विचारला जातो. जल कायद्याच्या कलम 21 नुसार सांडपाण्याचा नमुना घेण्याची पद्धत ठरलेली आहे: संबंधितांना सूचना, नमुन्याचे दोन भाग, मोहोर, दोघांच्या सह्या. आपल्या मीटरची नोंद ही जागा घेऊ शकत नाही आणि तसा आग्रहही धरू नये. तिचा उपयोग वेगळा आहे. ‘मंडळाने नमुना घ्यावा’ एवढे लिहिण्याऐवजी ‘येत्या अमावास्येच्या पहाटे साडेपाच ते साडेसहा, अमुक नाल्याच्या मुखाशी, तळाजवळचा नमुना घ्यावा, मागच्या तीन उधाणांना याच वेळी प्राणवायू मर्यादेखाली होता’ असे लिहिता येते. अशा पत्राला नाही म्हणायचे तर कारण द्यावे लागते.

2024 मध्ये जल कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे या मांडणीला आणखी वजन आले आहे. अनेक उल्लंघनांसाठीची कैदेची तरतूद काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली, आणि तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवणार. सुरुवातीला ही दुरुस्ती हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांनी ठराव करून ती स्वीकारायची आहे. दंड न्यायालयाबाहेर ठरणार असेल तर त्या अधिकाऱ्यासमोर कोणता कागद ठेवला जातो यावर बरेच अवलंबून राहील. भरतीच्या दुपारचा नमुना ठेवला गेला, तर त्या कागदावर उल्लंघन दिसणारच नाही.

पान कुठे द्यायचे? किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते आणि तिच्यात मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2019 च्या आदेशानंतर जिल्हा पर्यावरण आराखड्यांचे कामही जिल्हाधिकाऱ्यांकडेच आहे. आपल्या जिल्ह्याच्या समितीवर ते तीन प्रतिनिधी कोण आहेत, हे ग्रामपंचायतीने आधी विचारून घ्यावे. पान त्यांच्या हातात बैठकीपूर्वी पोचले पाहिजे. बैठकीच्या दिवशी वाटलेले कागद टेबलावरच राहतात.

यंदा सुरुवात करायची तर मे महिन्यातील अमावास्येपासून करावी. तेव्हा क्षारता सर्वाधिक असते आणि तुलनेसाठी वरची टोकाची नोंद मिळते. त्यानंतर पहिल्या मोठ्या पावसानंतरचे तीन दिवस रोज पहाटे आणि दुपारी. वरच्या भागात साठलेली घाण याच पाण्याबरोबर खाली येते. मग पेरणीपर्यंत दर उधाणाला आणि दर भांगाला एक-एक दिवस, सुकती आणि भरती दोन्ही. उघाडीच्या आत एक जागा आणि बाहेर एक. गटात दोन माणसे आलटून-पालटून गेली तर हे काम पेरणीच्या धावपळीतही बसते.